चार बोटांच्या आत

१

क्रांती चौकातून पैठण गेटाकडं निघालात की एका मोबाइलवाल्याच्या आणि एका बेकरीच्या मधे सर्जेरावांचं चष्म्याचं दुकान लागतं. रुंदीला दोन माणसं कशीबशी, लांबीला मात्र थेट मागच्या बोळापर्यंत. पुढं काउंटर, मग आरसे, मग नंबर काढायची खुर्ची, आणि सगळ्यात शेवटी कोनाडा. तिथं सर्जेराव बसतात. त्यांची शाळा सातवीत सुटली. पुढचं शिक्षण खुलताबादच्या हमीदमियाँ चष्मेवाल्यांच्या हाताखाली झालं, काचा पुसता पुसता. माणूस बोलका. बोलण्याच्या नादात गिऱ्हाईक खुर्चीत कधी बसलं ते त्याचं त्यालाही कळत नाही.

चष्मा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर चढवला की सर्जेराव एक पाऊल मागं सरकतात आणि विचारतात, "सांगा, काय दिसतं?" हा प्रश्नही हमीदमियाँचाच. त्याची उत्तरं सर्जेरावांनी मनात जपून ठेवली आहेत. एका आजोबांनी नवा चष्मा लावून शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडं निरखून बघितलं होतं आणि म्हणाले होते, "ही म्हातारी कुणासंगं आली?" आजीनं भर दुकानात त्यांची टोपी काढून त्यांच्याच हातात दिली आणि म्हणाली, "व्हय? मग आता आरसा बघा."

रोज सकाळी दुकान उघडलं की उदबत्ती, मग मलमलच्या तुकड्यानं सगळ्या काचा पुसायच्या. शेवटी कोनाड्यातल्या फळीवरचा चष्मा. तो विकायचा नाही. तो मनकर्णाबाईंचा, सर्जेरावांच्या बायकोचा. मागच्या थंडीत त्या गेल्या.

मनकर्णाबाईंचा नंबर तेराचा, तोही प्लसचा. तरुणपणीच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला, शिबिरात तो काढला, आणि तेव्हाच्या रीतीप्रमाणं आत दुसरी लेन्स काही बसवली नाही. डोळ्यातलं भिंग गेलं ते कायमचं नाकावर येऊन बसलं. मधोमध करंगळीएवढी जाड काच. असल्या काचेमागं माणसाचे डोळे केवढे तरी दिसतात. पोरं हसायची. सर्जेराव म्हणायचे, "हसा. पण एवढे डोळे सगळ्या औरंगाबादेत कुणाच्या बायकोला नाहीत."

चष्म्याशिवाय बाईंची सकाळ म्हणजे नुसतं सांडलेलं दूध. जाग आली की पडल्या पडल्या हात लांब करून फळी चाचपायच्या. तळवा पालथा, बोटं हलकी, थापटत थापटत. धक्का लागून चष्मा खाली पडू नये म्हणून. सर्जेराव तो हात धरायचे, चष्मा त्यात ठेवायचे आणि म्हणायचे, "हां, घे." बाई चष्मा लावायच्या, नवऱ्याकडं बघायच्या आणि म्हणायच्या, "अगं बाई, कालच्यापेक्षा म्हातारं दिसायलात की!" आयुष्यभर रोज हीच थट्टा, आणि रोज सर्जेरावांना हसू यायचं.

बाईंची एकच खोड वाईट. चष्मा काड्यांना धरून उचलावा, तर त्या सरळ काचेला अंगठा लावून उचलायच्या. उजव्या काचेच्या बरोब्बर मधोमध ठसा. चष्मेवाल्याच्या बायकोनं असं करावं यावरून घरात कितीदा तरी वाजलं होतं.

उन्हाळा लागला होता. सर्जेरावांनी फळीवरचा चष्मा पुसायला उचलला आणि उजेडाकडं धरला.

उजव्या काचेच्या मधोमध अंगठ्याचा ठसा होता.

"मेघा," त्यांनी सुनेला हाक मारली. मुलगा आकाश वाळूजला कंपनीत. दुकानात नंबर काढायचं काम मेघाच बघते. "तुझ्या सासूच्या चष्म्याला हात लावलास का गं?"

"नाही मामा. मी कशाला लावू?"

सर्जेरावांनी ठसा पुसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा होता, आणि काचेच्या आतल्या बाजूनं होता.

२

भामाबाई आल्या त्या नातीचा दंड धरून. देवगाव रंगारीहून एसटीनं आल्या होत्या. खुर्चीत बसल्यावर त्यांनी पदराची गाठ सोडून मोडका चष्मा काउंटरवर ठेवला. एक काच फुटलेली, दुसरी जागेवर नव्हतीच.

"ह्याच्यावर हिच्या रुखवताची पेटी बसली," भामाबाई म्हणाल्या. "पेटीला काय झालं नाय."

"आजी, तूच ठेवला होतास तिथं," तनुजा म्हणाली.

"मंग? पेटी दिसायला डोळ्यावर चष्मा लागतो. तो पेटीखाली."

सर्जेराव खूष झाले. असं बोलणारं गिऱ्हाईक आलं की दुकान उजळतं. मेघानं नंबर काढला. तेराचा, प्लसचा. ह्यांचंही तसंच, जुनं शिबिर, आत लेन्स नाही. सर्जेरावांचा हात जरा थबकला, मग त्यांनी फ्रेमचा ट्रे पुढं ओढला.

तनुजानं मोठी, चौकोनी, काळी फ्रेम उचलली. "ही द्या ना काका. लग्नात फोटो छान येतील."

"ताई, ही नवरदेवाला घे," सर्जेराव म्हणाले. "प्लसची लेन्स मधे जाड, कडेला पातळ. फ्रेम जेवढी मोठी तेवढं तिचं पोट सुटतं. आजीच्या नाकावर पाटा-वरवंटा ठेवल्यासारखं होईल. असल्या नंबराला बारकी, गोल फ्रेम. बुबुळ काचेच्या बरोब्बर मधोमध आलं पाहिजे, आणि काच डोळ्याला जेवढी जवळ तेवढी बरी."

"आणि लेन्स?"

"जुन्या काचेचं वजन नको. फायबर घ्या, पातळ जातीचं, कडेकडं गोलाई उतरत गेलेली. मग दाराच्या चौकटी वाकड्या दिसत नाहीत. बाकी अक्का, तुम्हाला सांगायला नको, असल्या नंबरात काचेच्या कडेनं गोल आंधळा पट्टा असतो. त्यात आलेलं माणूस गायब होतं, आणि मान वळवली की एकदम पुढ्यात."

"ठाव हाय की. म्हशी तशाच अंगावर येत्यात माझ्या. व्याही बी तसाच आला हुता."

सगळे हसले. मग सर्जेरावांनी अवघड गोष्ट सांगितली. एकेकाळी असे चष्मे दुकानात डझनानं पडून असायचे. आता मोतीबिंदू काढला की डॉक्टर आतच लेन्स बसवतात, म्हणून हा नंबर कुणी ठेवत नाही. पुण्याहून घडवून मागवायचा. दोन-तीन आठवडे तरी लागणार.

"काका, हळद सोमवारी आहे," तनुजा म्हणाली.

भामाबाई मोडक्या फ्रेमची काडी बोटांनी सरळ करत राहिल्या. "हिची आई गेली तवा ही पाळण्यात हुती, भाऊ," त्या म्हणाल्या. "मीच केली ल्हानाची मोठी. तसं आवाजावरनं वळखते मी. पर आवाजाला हळद लागती व्हय?"

मेघानं कोनाड्यातल्या फळीकडं बघितलं. मग सासऱ्यांकडं.

"मामा," ती हळूच म्हणाली, "आत्याबाईंचा तेराचाच आहे ना?"

सर्जेरावांनी फ्रेमचा ट्रे बाजूला सारला. "अक्का, शेजारी बेकरीत चहा पिऊन या. तोवर एक जुना चष्मा तपासून बघतो. जमला तर लग्नापुरता न्या."

३

नंबर तपासायला मशीन आहे. पण हमीदमियाँची रीत सर्जेरावांनी सोडलेली नाही. चष्मा धरून हात पूर्ण लांब करायचा, काचेतून रस्त्यापलीकडची एखादी उभी रेघ बघायची, आणि चष्मा हळूहळू डावी-उजवीकडं हलवायचा. रेघ किती सरकते त्यावरून नंबर कळतो. प्लसच्या जाड काचेतून असं लांबून बघितलं की लांबचं सगळं उलटं दिसतं. दुकानं छपरावर उभी, रिक्षा चाकं वर करून चाललेल्या. पहिल्यांदा बघणाऱ्याला गंमत वाटते. सर्जेरावांना त्याचं काही वाटायचं कारण नव्हतं.

दारात उभं राहून त्यांनी मनकर्णाबाईंचा चष्मा समोर धरला. औषधाचं दुकान उलटं. विजेचा खांब उलटा. उसाच्या रसवाल्याची गाडी उलटी, रसवाला उलटा.

आणि उजव्या काचेच्या कडेला एक बाई सुलटी उभी होती.

सर्जेरावांनी चष्मा खाली घेतला. रस्ता होता तसा होता. रसवाल्यापाशी दोन कॉलेजची पोरं, बाई कुणीच नाही. पुन्हा चष्मा धरला. पाठमोरी बाई. डोक्यावर पदर. माणसं डोक्यावर चालत तिच्या बाजूनं जात होती आणि ती मात्र पायांवर.

माणूस धंद्यात मुरलेला. पहिला विचार आला तो असा, की हे प्रतिबिंब आहे. काचेच्या मागच्या अंगावर पाठीमागचं काहीतरी उमटतं, आणि ते सुलटंही असू शकतं. त्यांनी वळून बघितलं. मेघा आत ड्रॉवर लावत होती, तिच्या डोक्यावर पदर कुठला, अंगात कुर्ता. त्यांनी काळं फडकं घेऊन पाठीमागून चष्म्यावर येणारा उजेड अडवला. प्रतिबिंब असतं तर गेलं असतं. बाई होती.

मग त्यांनी खिशातल्या पेनचं टोपण काढलं आणि काचेच्या पलीकडं धरलं. हे हमीदमियाँनी शिकवलेलं. टोपण काचेला टेकवलं, की सुलटं आणि मोठं. हळूहळू लांब न्यायचं. एक बोट, दोन बोटं, तीन. तेराच्या काचेत चार बोटांपर्यंत टोपण सुलटंच राहतं. त्यापुढं गेलं की विरघळतं आणि उलटं होतं. दुसरा काही मार्ग नाही. जे सुलटं दिसतं ते चार बोटांच्या आत असतं.

म्हणजे ती रस्त्यापलीकडं नव्हती.

तेवढ्या जागेत माणूस मावत नाही, हे सर्जेरावांनाही कळत होतं. त्यांनी टोपण मागं घेतलं, आणि आपली बोटंही काचेपासून जरा लांब केली. बाईचा डावा हात पुढं होता. पालथा तळवा. तो हवेत हळूहळू सरकत होता, थापटत थापटत, बोटं हलकी ठेवून.

तो हात त्यांना ओळखायचा नव्हता. पण तसा हात त्यांनी दुसऱ्या कुणाचा बघितलेला नव्हता.

४

स्मशानात लाकडं रचून झाल्यावर कुणीतरी म्हणालं होतं, "भाऊ, चष्मा काढून घ्या." रीतच आहे. मंगळसूत्र काढतात, जोडवी काढतात, चष्मा काढतात. सर्जेराव पुढं झाले आणि त्यांनी तो काढला. तिला झोप लागली की रोज काढायचे तसाच, आधी उजवी काडी, मग डावी. मिटून खिशात ठेवला. सकाळी लागेल म्हणून.

त्या वेळी त्यांच्या मनात खरोखर एवढंच आलं होतं.

आता कोनाड्यात बसून ते त्या चष्म्याकडं बघत राहिले. उजव्या काडीचं टोक बाईंच्या कानाला टोचायचं, म्हणून त्यांनी त्यावर काळा दोरा गुंडाळला होता. दोऱ्याला अजून खोबरेल तेलाचा वास.

मेघा येऊन उभी राहिली. "मामा, नसेल द्यायचा तर नका देऊ. मी सांगते त्यांना, जमला नाही म्हणून."

"तसं नाही."

"मग?"

सर्जेराव काडीवरचा दोरा चाचपत राहिले. काय सांगणार? तुझी सासू चष्मा शोधतेय, आणि तो मी दुसरीच्या नाकावर चढवायला निघालोय? हा त्यांच्या डोळ्यांचा खेळ असेल. वय झालं, झोप कमी, दुपारचं ऊन. असं दुसऱ्या कुणी येऊन सांगितलं असतं तर त्याला त्यांनी पाणी पाजून घरी पाठवलं असतं. आणि बाहेर बेकरीच्या बाकावर एक जिवंत बाई बसली होती. तिला नातीचं तोंड बघायचं होतं, हळद लागण्याआधी आणि लागल्यावर. पोर एकदा सासरी गेली की गेली.

"आत्याबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या?" मेघानं विचारलं.

"ती? तिनं स्वतः नेऊन दिला असता," सर्जेराव म्हणाले. "आणि काचेला अंगठा लावून."

त्यांनी चष्मा पुसला. दोन्ही बाजूंनी.

५

चष्मा भामाबाईंच्या नाकावर नीट बसला. सर्जेराव एक पाऊल मागं सरकले.

"सांगा अक्का, काय दिसतं?"

भामाबाईंनी तनुजाची हनुवटी धरली आणि तिचं तोंड उजेडाकडं वळवलं. काचेमागचे त्यांचे डोळे एकदम केवढे तरी झाले होते, आणि त्यातलं पाणीही तेवढंच मोठं दिसत होतं.

"काळी पडलीस गं उन्हात," त्या म्हणाल्या. "आईवर गेलीस. नाक तेवढं बापाचं राह्यलं, त्याला आता इलाज नाय."

"आजी!"

"बघू दे की नवऱ्याला. त्याचं तरी नाक कुठं..."

आणि त्या थांबल्या. मान झटकन मागं घेतली, तोंडावर माशी बसावी तशी.

"कोन हाय?"

"कुठं आजी?"

"हितं. डोळ्याम्होरं. हात फिरवायलंय कुणीतरी."

सर्जेराव आणखी एक पाऊल मागं सरकले. पण जीभ धंद्याची, ती आपोआप चालली. "तो पट्टाच हो अक्का. मघाशी सांगितला ना, आंधळा पट्टा. तुमचीच नजर त्यात शिरते आणि बाहेर येते. दुसऱ्याची काच आहे, डोळा बसायला वेळ लागतो."

"पट्ट्याला बांगड्या असत्यात व्हय?"

तनुजाच्या मनगटावर घड्याळ होतं. मेघाचे हात मोकळे. मनकर्णाबाईंना नेलं तेव्हा त्यांच्या हातांत हिरवा चुडा कोपरापर्यंत भरलेला होता.

"कुनाचा चष्मा ह्यो, भाऊ?"

"दुकानातलाच," सर्जेराव म्हणाले. "जुना पडून होता."

मेघानं त्यांच्याकडं बघितलं आणि ड्रॉवर लावायला घेतला.

६

लग्नाच्या दिवसापर्यंत दुकानात काही घडलं नाही. फळी रिकामी होती, आणि सर्जेराव ती रोज पुसत होते.

नंतर मेघाची तक्रार सुरू झाली. नंबर काढायच्या पेटीत सुट्या काचा असतात, ओळीनं लावलेल्या. त्यातल्या प्लसच्या ओळीतल्या काचांवर सकाळी बोटं उमटलेली असायची. "मामा, तुम्ही काचा हाताळता का? मी रात्री पुसून ठेवते." पहिल्या दिवशी अर्ध्याची काच, मग एकची, मग दीडची. रोज थोडी पुढं. प्रत्येक काचेच्या मधोमध अंगठा.

सर्जेरावांनी पेटीतून तेराच्या दोन काचा काढल्या, तपासणीच्या लोखंडी फ्रेममध्ये बसवल्या, आणि संध्याकाळी दुकान बंद करताना ती फ्रेम कोनाड्यातल्या फळीवर ठेवली. फळीला कान लावल्यासारखे जरा वाकून उभे राहिले. मग स्वतःलाच शरमून शटर ओढलं.

सकाळी फ्रेम जागेवर होती. फक्त तिचं तोंड भिंतीकडं फिरवलेलं होतं. उजव्या काडीच्या टोकावर बोटांचे डाग होते, जिथं दोरा असायला हवा होता तिथं.

त्यानंतर आरशांवर बोटं उमटू लागली. मग काउंटरवरच्या फ्रेमवर. मागून पुढं, कोनाड्याकडून दाराकडं. मेघा आता काही विचारत नव्हती. ती मुकाट्यानं पुसायची आणि दिवे जरा लवकर लावायची.

७

पुण्याहून लेन्स आली. बारकी गोल फ्रेम, हलकी, भामाबाईंच्या डोळ्यांना छान जवळ बसली. त्यांनी रस्त्यापलीकडची पाटी वाचली, रसवाल्याच्या मिशा काळ्या केलेल्या आहेत हेही ओळखलं, आणि मग मेघाला म्हणाल्या, "जरा पानी आन गं बाय."

मेघा आत गेल्यावर त्यांनी पिशवीतून जुना चष्मा काढला. स्वच्छ रुमालात गुंडाळलेला.

"खोटं बोलला तुमी," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "मालकिनीचा हाय नव्हं?"

सर्जेरावांनी मान डोलावली.

"पैल्या दिशी लई भ्याले मी. भाकर खाताना हात, बोलताना हात. पर जोर नाय करायची. नुसती चाचपायची. मी बी अशीच चाचपते की उठल्यावर. मला कळंना व्हय?" त्यांनी रुमालाची घडी नीट केली. "हळदीच्या दिशी मी म्हनलं तिला, बाई, तुझाच हाय. मी काय ठिवून घेनार नाय. माझ्या पोरीचं तोंड तेवढं बघू दे, मंग आनून देते. हात लगीच मागं घेतला. पुन्यांदा नाय आली." त्या जरा थांबल्या. "गुनाची हुती, भाऊ."

त्या गेल्यावर सर्जेरावांनी चष्मा फळीवर ठेवला, अगदी पहिल्या जागी. दुसऱ्या दिवशी काच स्वच्छ. तिसऱ्या दिवशीही. दारात उभं राहून त्यांनी हात लांब केला. दुकानं उलटी, खांब उलटा, रसवाला उलटा. सगळं जसं असावं तसं, आणि सुलटं कुणीच नाही.

ते बराच वेळ हात लांब करून उभे राहिले. मग त्यांच्या ध्यानात आलं. एकदा जागेवर न सापडलेली वस्तू माणूस पुन्हा त्या जागी शोधत नाही. पुढं पुढं शोधत जातो.

८

दुपारची वेळ होती. मेघा डबा खायला मागच्या बोळाकडच्या दाराबाहेर बसली होती. सर्जेराव काउंटरवर एका फ्रेमचा स्क्रू पिळत होते. त्यांचा स्वतःचा चष्मा साधा, जवळचा, दोन नंबरचा.

स्क्रू धूसर झाला. त्यांना वाटलं घाम असेल. डोळे मिचकावले. उजव्या काचेच्या मधोमध एक डाग होता, आणि तो हळूहळू गोल होत होता. मधे दाब पडल्यासारखा, कडेनं बारीक रेघा. चष्मा त्यांच्या नाकावर होता. डाग आतून येत होता. काच आणि डोळा यांच्यात एक बोट जागा असते, तेवढ्या जागेत.

पापणीला काहीतरी लागलं. अगदी हलकं.

"नाही गं," सर्जेराव पुटपुटले. "हा माझा आहे. दोन नंबरात तुला काय दिसणार?"

त्यांनी चष्मा काढला नाही, की तोंड मागं घेतलं नाही. भीती होती. पण हात ओळखीचा होता, आणि त्या हाताला आयुष्यभर त्यांनी कधी रिकामं परतवलेलं नव्हतं. ते तसेच, सावकाश मागं सरकत कोनाड्यापर्यंत गेले. चाचपडत फळीवरचा चष्मा घेतला. काळा दोरा बोटांना लागला.

"हां, घे."

कुणी घेतला नाही. मग त्यांनी चष्मा दोन्ही हातांनी धरला, काड्या पुढं करून, आजवर हजारो गिऱ्हाइकांच्या तोंडावर चढवला तसा. समोर भिंत होती, भिंतीवर कॅलेंडर. हवेत, साधारण तिच्या उंचीला, त्यांनी काड्या पुढं सरकवल्या. कुठंतरी बारीक अडल्यासारखं झालं, केसांत काडी शिरताना होतं तसं. आणि चष्म्याचं वजन निम्मं झालं.

भोवती कॅलेंडर दिसत होतं. काचांमधे मात्र कॅलेंडर नव्हतं.

दोन डोळे होते. केवढे तरी. चार बोटांच्या आत होते, म्हणून सुलटे होते.

ते इकडं तिकडं फिरले, आणि मग सर्जेरावांवर येऊन थांबले. कडांना सुरकुत्या पडल्या. त्या सुरकुत्या त्यांना ठाऊक होत्या. थट्टा करायच्या आधी पडायच्या त्या. कालच्यापेक्षा म्हातारं दिसायलात, एवढंच ऐकायचं होतं. आता तर ते खरंच म्हातारे झाले होते.

तोंडून मात्र सवयीनं आलं ते निराळंच.

"सांग, काय दिसतं?"

डोळे खाली वळले. आपले हात बघावेत, पदर बघावा, पाय बघावेत, तसे. तिथं खाली कोनाड्याची फरशी होती. डोळे त्या फरशीवर राहिले. पुष्कळ वेळ राहिले. मग वर आले, आणि त्यांनी सर्जेरावांकडं बघितलं. कडांच्या सुरकुत्या आता नव्हत्या. त्या नजरेत एक विचारणं होतं.

आपण गेलो आहोत हे तिला माहीतच नव्हतं. इतके महिने नुसतं धूसर होतं, सकाळ झाली असेल एवढंच तिला वाटत असणार.

"मनू," ते म्हणाले. "काढतो. थांब, काढतो."

डोळे मिटले गेले.

चष्मा पूर्ण वजनानं त्यांच्या बोटांत आला. काचांमधे कॅलेंडर दिसलं, जवळचं, मोठं, सुलटं, मधेच धूसर. मेघा पाण्याचा तांब्या घेऊन मागच्या दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"मामा? कुणाला लावत होता?"

सर्जेरावांनी चष्मा उजेडाकडं धरला. उजव्या काचेवर ठसा नव्हता, डाव्या काचेवर नव्हता. दोन्ही काचा आतून ओल्या होत्या.

त्यांनी त्या पुसल्या नाहीत. ते पाणी तिथंच सुकलं, आणि त्याची पांढरी कड अजून काचांवर आहे. रोज सकाळी मलमल फिरते ती बाकी सगळ्या काचांवरून. आता कुठल्याच काचेवर बोट उमटलेलं सापडत नाही.

दुकान चालू आहे. फ्रेम सर्जेराव निवडतात, लेन्स तेच सुचवतात, गोष्टीही सांगतात. पहिल्याइतक्या नाहीत, पण सांगतात. फक्त चष्मा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर चढवून झाला की ते मेघाला हाक मारतात आणि मागं कोनाड्यात जाऊन बसतात. विचारायचं तेवढं ती विचारते.